थोरलीचा दंड

जावा जावा आणि उभा दावा, असं म्हणतात. या घरात मात्र दावा एकाच बाजूने उभा होता. धाकटीला त्याचा पत्ताच नव्हता, आणि थोरलीची खरी चीड हीच होती. समोरचं माणूस भांडायला तयारच नसेल तर भांडण घेऊन जायचं कुठे?

थोरली तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत बायकांचे केस कापायची. एक खालीवर होणारी खुर्ची, एक बेसिन, कोपऱ्यात टॉवेलखाली झाकलेला ड्रायर आणि रस्त्याकडे उघडणारं काचेचं दार, एवढंच तिचं राज्य. गल्लीत तिला कात्रीबाई म्हणत. काही जण हातातल्या कात्रीमुळे, काही जण तोंडातल्या.

ती लग्न होऊन आली तेव्हा घरात तीन पुरुष होते आणि एकाही खिडकीला पडदा नव्हता. सासू केव्हाच गेलेली. नवरा आणि सासरे काचेच्या दुकानात, दीर अजून शाळेत. दिराचे केस पहिल्यांदा कोणी सरळ रेषेत कापले असतील तर ते थोरलीने. त्याच्या शर्टाला बटणं लावली, तो तापाने फणफणला की उशाशी बसली, नापास झाला तेव्हा सासऱ्यांपुढे त्याच्यासाठी धडधडीत खोटं बोलली. असा हाताखाली वाढवलेला दीर एक दिवस ओल्या केसांच्या एका मुलीला दारात घेऊन उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, ही बघ." वहिनीने बघितलं, आणि त्या दिवसापासून ती तिच्याकडे बघतच राहिली.

ही धाकटी सार्वजनिक तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. पोरांनी तिचं नाव मासोळीबाई ठेवलं होतं. खांदे रुंद, अंगाला पाण्यात टाकतात त्या औषधाचा वास, आणि हसणं असं की भिंतीपलीकडच्या माणसालाही कारण नसताना हसू यावं. स्वयंपाकात मीठ जास्त, कपड्यांच्या घड्या वाकड्या, केस तर ती स्वयंपाकघरातल्या कात्रीने आरशात न बघताच कापायची. घरात केस कापणारी जाऊ असताना! थोरलीला हा सरळ सरळ अपमान वाटे. धाकटी म्हणे, "ताई, तुम्ही दिवसभर उभ्या असता, त्यात माझी भर कशाला?" आता यावर कोणी काय बोलावं?

तरीही माणसं तिच्याकडेच जायची. सासऱ्यांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं थोरलीने केलं. म्हाताऱ्याने तोंडातून तक्रारीशिवाय शब्द काढला नाही. पण संध्याकाळी तलावावरून धाकटी आली की म्हणायचा, "आली का पोरगी?" थोरली चादर झटकत उभी असायची. ती त्या घरात कधीच कोणाची पोरगी झाली नव्हती. ती आली तीच थोरली म्हणून.

तर असं सगळं चाललेलं असताना आरशाचं प्रकरण घडलं.

पार्लरसाठी थोरलीने नवा मोठा आरसा मागवला होता. दुकानातून तो आला आणि कोणीतरी बिनडोकपणे थेट वरच्या मजल्यावर नेऊन ठेवला. पुरुष संध्याकाळपर्यंत येणार नव्हते आणि थोरलीला धीर नव्हता. धाकटी सुट्टीवर होती. "आपण दोघी आणू की," ती म्हणाली. ती खालच्या बाजूने उलटी पावलं टाकत उतरू लागली, थोरली वरून. खालून तिसऱ्या पायरीवर धाकटीचा पाय हुकला. ती उजव्या खांद्यावर आदळली. थोरलीने आरसा सोडला नाही, म्हणून आरशाने थोरलीला सोडलं नाही. तिला घेऊनच तो घसरत आला आणि ती डाव्या अंगावर पडली. आरसा धाकटीच्या पोटावर आडवा, एक ओरखडासुद्धा नाही.

शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. निरोप मिळाल्यावर थोरलीचा नवरा धावत आला, दारातच थांबला, आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं, "आरसा?"

काचवाला माणूस. तो तरी काय करणार. पण पुढे आयुष्यभर त्याला ते ऐकावं लागलं.

दोघींचे एक्सरे निघाले. हाडांच्या डॉक्टर ठेंगण्या, मजबूत मनगटांच्या बाई होत्या. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी दिव्यावर लावले. दोघींचंही एकच हाड मोडलं होतं, दंडाचं, अगदी वर, खांद्याजवळ.

"दंडाच्या हाडाला वर एक गोळा असतो," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तो खांद्याच्या खोबणीत फिरतो, म्हणून आपला हात सगळीकडे जातो." मग धाकटीकडे वळून, "तुमचा गोळा कलंडलाय. बाजूचे तुकडेही सुटलेत, आणि हात उचलणारे स्नायू त्याच तुकड्यांना धरून असतात. हे असंच जुळू दिलं तर हात डोक्यावर जाणार नाही. खांदा समोरून उघडून तुकडे जागेवर आणावे लागतील, बाहेरून प्लेट लावून स्क्रूने बसवावे लागतील."

धाकटीचं तोंड पांढरं पडलं. "आणि पोहणं?"

"आधी प्लेट लावू. मग बघू."

"आणि माझं?" थोरलीने विचारलं.

"तुम्ही नशीबवान आहात. तडकलंय, पण सरकलेलं नाही. गळ्यात पट्टी, थोड्या दिवसांनी हलका व्यायाम, आणि दर आठवड्याला फोटो."

"बस?"

"बस," डॉक्टरबाई हसल्या. "पण पट्टी काढायची नाही आणि हात वर करायचा नाही. सरकलं तर मग तुम्हालाही टेबलावर घ्यावं लागेल."

एका जिन्यावरून दोघी पडल्या, एका आरशाने पडल्या. तिला ऑपरेशन आणि आपल्याला गळ्यात फडकं? थोरलीला एकदम शाळेतला निकाल आठवला. इथेही धाकटीचा नंबर वरचा.

धाकटीचं ऑपरेशन नीट पार पडलं. ती घरी आली आणि घराचा देव्हारा झाली. उताणं झोपता येत नाही म्हणून तिला टेकून बसायला आरामखुर्ची हवी होती. घरात आरामखुर्ची एकच, थोरलीची. ती न विचारता वर गेली. उताणं झोपता थोरलीलाही येत नव्हतं, पण तिला नवऱ्याने तीन उशा आणून दिल्या आणि वर म्हणाला, "झालं की नाही काम?"

मग माणसांची रीघ लागली. तलावावरच्या पोरांनी रंगवलेले मासे भिंतीवर चिकटवले. फळं आली, फुलं आली, सूप आलं. सगळ्यांना जिना चढायला थोरलीच्या पार्लरवरूनच जावं लागे. ती एका हाताने चहाचं आधण ठेवी, कप एक एक करून वर पाठवी. कोपऱ्यावरची शिंपीण, थोरलीची किती वर्षांची गिऱ्हाईक, हातात फुलं घेऊन आली. थोरली उठून बसली. शिंपीण म्हणाली, "अगं, जावेला प्लेट घातली म्हणे! स्टीलची का?"

"मला काय विचारतेस? मी काय भांड्याचं दुकान घातलंय?"

"कुठे आहे ती, वर?" शिंपिणीचा पाय पायरीवर. मग आठवण झाल्यासारखी वळून, "तुलाही काहीतरी झालंय ना?"

काहीतरी! तो शब्द थोरलीच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला.

धाकटीचा ऑपरेशननंतरचा फोटो खिडकीला लावून ठेवला होता. येणाऱ्याजाणाऱ्याने तो बघायचा आणि तोंडाचा आ करायचा. थोरलीनेही बघितला, कोणी नसताना. पांढऱ्या हाडाला चिकटून बसलेली प्लेट कंगव्याच्या पाठीसारखी, आणि तिच्यातून निघून वरच्या गोळ्यात फाकलेले स्क्रू म्हणजे दाते. बघण्यासारखाच होता, नाही कशाला म्हणा. तिचा स्वतःचा फोटो पाकिटात, पाकीट कपाटामागे. तिने तो काढून उजेडात धरला. बारीकशी एक रेघ, तिरकी. नवरा मागून डोकावला.

"हे बघ, केसाएवढं तर आहे," तो म्हणाला. त्याला धीर द्यायचा होता. "तुझं काय, चार दिवसांत कामाला लागशील."

"चार कशाला?" थोरली म्हणाली. "उद्याच लागते."

आणि खरंच लागली. तिच्या मनात काय होतं हे तिलाही धड सांगता आलं नसतं. दुखणं मोठं ठरत नाही तर हिंमत तरी मोठी ठरू दे, असं काहीसं. धाकटी वर खुर्चीत पडून, आणि थोरली बघा, मोडक्या हाताने उभी! लोक म्हणतील. कोणीतरी म्हणेलच. शिवाय कात्री उजव्या हातात असते आणि मोडला होता डावा. पण केस कापताना कात्री दिसते, केस वर धरणारा हात दिसत नाही. तो डावा असतो, आणि तो सारखा खांद्याच्या वर असतो.

पहिलं गिऱ्हाईक शिंपीणच होती. थोरलीने गळ्यातली पट्टी काढून खुंटीला अडकवली, शिंपिणीच्या मानेभोवती कापड बांधलं आणि बटा वर घेतल्या. पहिली, दुसरी, तिसरी. दुखत होतं, पण दात दाबले की सोसवत होतं. मागचे केस घेताना तिने हात आणखी उचलला, आणि आत काहीतरी सरकलं. कपाटाचा खण तिरका बसून अडकावा तसं. आवाज झाला की नाही कोण जाणे, पण तिला तो पोटात ऐकू आला.

"काय झालं?" शिंपिणीने विचारलं.

"काही नाही. मान खाली घाल."

तिने काम पूर्ण केलं. डावी बाजू जराशी आखूड झाली. शिंपीण आरशात बघून म्हणाली, "कमाल आहे बाई तुझी, या हाताने!" ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते वाक्य मिळालं, आणि थोरलीला ते नीट ऐकूही आलं नाही. कानात नुसतं गूं गूं होत होतं. दार लावून ती बेसिनला धरून उभी राहिली. मग पट्टी पुन्हा गळ्यात अडकवली आणि कोणाला काही बोलली नाही.

फोटोचा वार आला, तिने टाळला. गिऱ्हाईक आहे म्हणाली. पुढच्या आठवड्यात डोकं दुखतं म्हणाली. दंड कोपरापर्यंत काळानिळा पडला होता. ती लांब बाह्यांचं घालू लागली. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते धाकटीच्या. तीही आता खाली उतरू लागली होती. थोरली चहा ओतत होती, धाकटी तिच्या डाव्या हाताच्या बोटांकडे बघत होती. बोटं वांग्यासारखी टम्म झाली होती.

"ताई, हात दाखवा."

"कशाला? माझ्या हाताचं काय बघायचंय? खिडकीला लावण्यासारखं काही नाही त्यात."

"ताई, बाही वर करा."

धाकटीचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. बहुधा खोल पाण्यात शिरणाऱ्या पोरांना ती याच आवाजात थांबवत असावी. थोरलीने बाही वर केली.

त्याच दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरबाईंनी नवा फोटो दिव्यावर लावला आणि पाकिटावरचं नाव दोनदा वाचलं. "हा तुमचाच?" त्यांनी विचारलं. गोळा मागे कलंडला होता, खालचं हाड पुढे आलं होतं, आणि मधे चुकीच्या जागी हाड धरायलाही सुरुवात झाली होती. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. "आता प्लेट," त्या म्हणाल्या. "आणि आता ते तेवढं सोपं नाही. आधी होतं त्या जागी परत आणणं कठीण जाईल."

आणि खोटं कशाला बोला, थोरलीला क्षणभर बरं वाटलं. प्लेट! आपल्यालाही! ओठाच्या कोपऱ्यात ते उमटलंही असेल, कारण बाहेर बाकावर बसताच धाकटी तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही हसलात आत."

"मी? वेड लागलंय का तुला?"

"हसलात. मी बघितलं." धाकटी आणखी पुढे सरकली. "ताई, मला त्या टेबलावर जायचं नव्हतं. मी नुसती घाबरले होते. तुमचं हाड न कापता जुळणार म्हटल्यावर मला तुमचा इतका हेवा वाटला की विचारू नका. खुर्चीत पडल्या पडल्या रोज वाटायचं, देवाने हिलाच कसं सोडलं? अजून मला ठाऊक नाही की मी पुन्हा पोहू शकेन की नाही. आणि मला जे हवं होतं ते तुम्हाला आयतं मिळालं होतं, ते तुम्ही फेकून दिलंत. कशासाठी? शिंपिणीच्या केसांसाठी?"

येणारेजाणारे बघत होते. कात्रीबाईची कात्रीच हरवली. धाकटी घरी जाताना रिक्षात तोंड फिरवून बसली, आणि घरी आल्यावर जिना चढून सरळ वर गेली.

थोरलीचं ऑपरेशन झालं. मानेजवळ सुई देऊन हात आधीच बधिर केला होता. तो शेजारी पडला होता, कोणीतरी विसरून गेलेल्या हातासारखा. तिने उजव्या हाताने त्याला चाचपून बघितलं तर तो गरम होता, पण तिचा नव्हता. मग झोप. जागी झाली तेव्हा हुडहुडी भरली होती. बधिरपणा उतरला आणि दुखणं वर आलं. दुखणं म्हणजे काय असतं हे आपल्याला ठाऊक आहे, असं तिला आजवर वाटत होतं.

डॉक्टरबाई सांगून गेल्या, हाड सोडवायला वेळ लागला, एक तुकडा फार बारीक होता, तो स्नायूसकट दोऱ्याने प्लेटला बांधलाय. हात वर किती जाईल ते आत्ता सांगता येणार नाही.

मग तिचीही माणसं आली. फुलं आली, फळं आली. शिंपीण आली आणि म्हणाली, "टाके बघू!" दिराने पायाशी बसून "वहिनी, तू लवकर बरी हो गं" म्हटलं आणि डोळे पुसले. जे जे वरच्या मजल्यावर जाताना दिसलं होतं ते सगळं तिच्या खाटेभोवती आलं, आणि तिला त्यातलं काहीच नको होतं. अंगाला औषधाचा वास, केसांचा चिकट झुपका झालेला, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे केस धुणाऱ्या बाईला स्वतःच्या केसातून कंगवाही फिरवता येत नव्हता. ती दाराकडे बघत राही. येणाऱ्यांत एक माणूस नसायचं. ज्या बाईने येऊ नये म्हणून तिने इतकी वर्षं मनात नवस केले, ती आली नाही म्हणून तिच्या जिवाला चैन पडेना.

धाकटी आली ती थोरली घरी परतल्यानंतर, एका सकाळी, पार्लरच्या दारातून.

"उठा," ती म्हणाली. "केस धुवायचेत."

"तू एका हाताने काय धुणार?"

"माझा डावा चालतो, तुमचा उजवा. झाले की दोन."

थोरली स्वतःच्याच बेसिनला पाठ लावून बसली. या खुर्चीत ती कधी बसलीच नव्हती. छत इथून असं दिसतं हे तिला माहीत नव्हतं. धाकटी एका हाताने पाणी घाली, थोरली एका हाताने फेस करी. दोन परक्या हातांचा मेळ बसेना. पाणी कानात गेलं, डोळ्यांत गेलं, जमिनीवर गेलं. एकदा दोघींची बोटं केसांत एकमेकींत गुंतली आणि धाकटीला हसू फुटलं, ते भिंतीपलीकडे ऐकू जाणारं. थोरलीला हसताना खांदा दुखला.

"सासरे तुला पोरगी म्हणायचे," थोरली एकदम म्हणाली. डोळ्यांवर टॉवेल होता म्हणूनच तिला ते म्हणता आलं.

धाकटी थांबली. "मला म्हणायचे, थोरलीने सांगितलेलं ऐकत जा, हे घर तिच्या हातावर उभं आहे. मला किती राग यायचा माहितीये?"

थोरलीने टॉवेल डोळ्यांवर घट्ट दाबून धरला. पाणी नुसतंच वाहत होतं.

याचा अर्थ हेवा संपला असं कोणी समजू नये. थोरली म्हणजे थोरली. पट्ट्या निघाल्या आणि व्यायाम सुरू झाले, तसा तिचा जीव पुन्हा कासावीस होऊ लागला. कमरेत वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा सोडायचा. मग भिंतीला तोंड करून बोटांनी कोळ्यासारखं वर वर चढायचं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहत. धाकटीची बोटं डोक्यावर जाऊन टेकत, थोरलीची हनुवटीपाशी अडत. "हळूहळू येईल, ताई," धाकटी म्हणे, आणि त्या गोडव्यानेच थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जाई. मग तिच्यावर कुरघोडी करायला ती भिंतीशी आणखी झटे. डॉक्टरबाईंना प्रगती पसंत पडली. त्यांना इंधन कोणतं ते कुठे माहीत होतं?

शेवटी धाकटीनेच तोडगा काढला. "पाण्यात चला."

"मी? मला पोहता कुठे येतं?"

"पोहायचं नाही. उभं राहायचं."

धाकटीला खोल पाण्यात हात मारायची परवानगी अजून नव्हती, पण ती काठावरून शिट्टी घेऊन शिकवू लागली होती. दुपारी तलाव रिकामा असे तेव्हा ती थोरलीला घेऊन गेली. थोरली निळ्या टोपीत, कठड्याला घट्ट धरून, एक एक पायरी उतरत छातीभर पाण्यात गेली. धाकटी समोर उभी राहिली. शिकवणीला लवकर आलेली दोनचार पोरं काठावरून ओरडत होती, "मासोळीबाई, ही कोण?" धाकटी म्हणाली, "ही माझी थोरली जाऊ. गप्प बसा, नाहीतर तुमचे केस कापेल."

"आता हात सोडा," ती थोरलीला म्हणाली. "तुम्ही काही करू नका. पाण्याला करू द्या."

थोरलीने खांदा सैल सोडला. पाण्याखालून हात आपोआप वर यायला लागला. कोपर, मनगट, बोटं, सगळं पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत तिच्या डोळ्यांसमोर आलं, जोर न लावता, दात न दाबता. इतक्या दिवसांत तो हात पहिल्यांदा तिचा वाटला. ती रडायला लागली, आणि तोंड पाण्यात बुडवलं म्हणजे कोणाला कळणार नाही म्हणून बुडवलं, तर नाकात पाणी गेलं. धाकटीने पाठीवर थोपटलं. "पहिला धडा शिकलात," ती म्हणाली.

पुढे काय झालं ते थोडक्यात. थोरलीचा हात कानापर्यंत येतो, त्याच्या वर नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, एवढ्या उशिरा झालेल्या कामाला हे चांगलंच म्हणायचं. तिने पार्लर पुन्हा उघडलं. खुर्ची तळाला नेऊन गिऱ्हाईकाला बुटकं करते, आणि उंच बायकांना सांगते, "उंची घरी ठेवून ये." धाकटी पोहते, पण पूर्वीसारखी नाही, उजवा हात पाण्यातून उचलताना जरा आखडतो. कधी कधी ती काठावर बसून लांब पल्ले मारणाऱ्यांकडे टक लावून बघते. तेव्हा थोरली तिच्याशी बोलत नाही, नुसती शेजारी बसते. ते काय असतं, हे तिला कोणी सांगायला नको.

दोघी अजून दुपारच्या पाण्याला जातात. मध्यंतरी डॉक्टरबाईंनी आणखी एक बाई तिथे पाठवली, खांद्याला नवीन प्लेट बसवलेली, पोस्टात काम करणारी. धाकटी तिला पाण्यात उभी करून म्हणाली, "वा! पहिल्याच दिवशी एवढा वर? फारच छान!"

थोरली पलीकडे कठड्याला धरून उभी होती. तिने त्या पोस्टातल्या बाईच्या हाताकडे बघितलं, मग धाकटीच्या हसऱ्या चेहऱ्याकडे.

"अगं ए," ती इतक्या मोठ्याने म्हणाली की छपराखाली आवाज घुमला, "माझ्याकडे कोण बघणार? का मी नुसती पाण्याला शोभा म्हणून उभी आहे?"